अपडेट मध्येच अडलं, तर काय करायचं?

रविवारी सकाळी पोह्यांची कढई गॅसवर होती आणि शेजारच्या काकू लॅपटॉप घेऊन दारात उभ्या. "बघ ना रे, अपडेट करा, अपडेट करा म्हणून दोन दिवस मागे लागलं होतं. केलं, तर मध्येच अडलं. आणि माझा कॅल्क कुठे गेला?" त्यांच्या भिशीचा हिशेब कॅल्कमध्ये, म्हणजे लिब्रेऑफिसच्या हिशेबाच्या तक्त्यांच्या प्रोग्राममध्ये असतो. भिशी त्याच संध्याकाळी होती.

इंदूरला आमच्या रामबागेत आणि आजूबाजूच्या गल्ल्यांत असे लॅपटॉप आता बरेच झालेत. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. यंत्रं धडधाकट, पण विंडोज ११ त्यांच्यावर बसत नाही. म्हणून आम्ही दोघा-तिघांनी मिळून अनेकांना विंडोजऐवजी लिनक्स, म्हणजे मिंट किंवा उबंटू, घालून दिलं. वर्षभर सगळं सुरळीत चालतं आणि एखाद्या दिवशी अपडेट करताना पॅकेजची, म्हणजे बसवलेल्या प्रोग्रामांच्या आणि त्यांच्या भागांच्या गठ्ठ्यांची, आपसांत जुंपते. मग लोक घाबरतात आणि नेटवर सापडेल ती कमांड चिकटवतात. खरं नुकसान त्या चिकटवण्यात होतं, मूळ भांडण बहुतेक वेळा दहा मिनिटांचं असतं. हा लेख नव्याने लिनक्सवर आलेल्यांसाठी आहे. उबंटू, मिंट आणि डेबियन या तिघांनाही तो लागू पडतो, कारण तिघांकडे पॅकेजचा कारभार ॲप्ट आणि त्याच्या खाली डीपीकेजी हेच बघतात.

एक खुलासा आधीच करतो. खाली सगळ्या कमांड मी देवनागरीत लिहिल्या आहेत, उच्चाराप्रमाणे. टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत आणि नेहमीच्या इंग्रजी स्पेलिंगने टाइप करायच्या. ॲप्ट म्हणजे ए, पी, टी ही तीन अक्षरं, डीपीकेजी म्हणजे तीच चार अक्षरं, सुडो म्हणजे एस, यू, डी, ओ; ते पुढे लावलं की कमांड व्यवस्थापकाच्या अधिकाराने चालते. आकडे इंग्रजी. जिथे दोन आडव्या रेघा आहेत तिथे दोनच द्यायच्या, मधली जागा सोडायची नाही.

भांडण कशाचं असतं

बर्तन बाजारातून तुम्ही पाच लिटरचा कुकर आणला. त्याला रिंग लागते, शिट्टी लागते. रिंग कुकरबरोबर वेगळी मिळते, झिजली की बदलता येते, पण तीन लिटरची रिंग पाच लिटरला बसत नाही. लिनक्समधलं प्रत्येक पॅकेज असंच असतं. ते स्वतःचं काम करतं, बाकीच्या गोष्टी दुसऱ्या पॅकेजकडून घेतं आणि सोबत एक चिठ्ठी आणतं: मला अमुक लायब्ररी (अनेक प्रोग्राम वापरतात असा सामायिक कोड) लागेल, तीही अमुक आवृत्तीची किंवा त्यापुढची. या चिठ्ठीला डिपेंडन्सी म्हणतात.

आता एकाच रिंगवर वीस कुकर चालत आहेत असं समजा. लिनक्समध्ये खरोखर तसंच असतं. एक लायब्ररी डिस्कवर एकदाच असते आणि पन्नास प्रोग्राम ती वापरतात. जागा वाचते, सुरक्षेचा दोष एका ठिकाणी दुरुस्त केला की पन्नासही प्रोग्राम दुरुस्त होतात. पण एका पॅकेजने म्हटलं मला २.३५ च हवी आणि दुसरं म्हणालं २.३८ च्या खाली चालणार नाही, तर दोघांना एकाच वेळी खूश करता येत नाही. ॲप्ट तिथे थांबतो. तो थांबला याचा अर्थ त्याने अजून काही मोडलेलं नाही. ही गोष्ट मनाशी पक्की धरा, अर्धी भीती तिथेच जाते.

उबंटू २२.०४ च्या भांडारातली, म्हणजे ॲप्ट जिथून पॅकेजं उतरवतो त्या अधिकृत साठ्यातली, सगळी पॅकेजं एकमेकांशी जुळतील अशीच बांधलेली असतात. भांडण होतं ते बाहेरून आलेल्यांमुळे: एखाद्या वेबसाइटवरून उतरवलेली डेब फाइल (सुट्या पॅकेजची फाइल), कुणीतरी जोडून ठेवलेलं पीपीए (कुणा व्यक्तीचं किंवा गटाचं खासगी भांडार), दुसऱ्या आवृत्तीच्या भांडाराची चुकून टाकलेली ओळ. माझ्याकडे आलेल्या लॅपटॉपांत, अपडेट अर्धवट तुटल्याचे प्रकार सोडले, तर जवळजवळ प्रत्येक वेळी मुळाशी असा एक पाहुणा निघाला आहे. म्हणून खालच्या सगळ्या पायऱ्यांचा रोख एकच आहे: पाहुणा ओळखायचा आणि त्यालाच बाहेर काढायचं. घरच्यांना हात लावायचा नाही.

सुरू करण्याआधी

चार्जर लावा. पावसाळ्यात आमच्याकडे लाइट कधी जाईल सांगता येत नाही आणि जुन्या लॅपटॉपची बॅटरी दहा मिनिटंही टिकत नाही. अपडेट चालू असताना यंत्र बंद पडलं की पॅकेजं अर्धवट उघडलेल्या अवस्थेत राहतात.

स्वतःच्या फायली पेनड्राइव्हवर घ्या. मिंटमध्ये टाइमशिफ्ट आधीपासून असतं, त्यात एक स्नॅपशॉट काढून ठेवा. टाइमशिफ्ट प्रणाली परत पहिल्यासारखी करतं, पण तुमचे फोटो आणि हिशेब ते मूळ सेटिंगमध्ये घेत नाही. त्यामुळे एक केलं म्हणजे दुसरं झालं असं समजू नका.

जागा बघा:

डीएफ -एच

डिस्कचा मुख्य विभाग शंभर टक्के भरलेला असेल, तर डिपेंडन्सी वगैरे सगळं बाजूला ठेवून आधी जागा करा:

सुडो ॲप्ट क्लीन

याने उतरवून ठेवलेल्या डेब फायलींचा साठा रिकामा होतो, बसवलेल्या प्रोग्रामला धक्का लागत नाही.

आणखी एक. प्रणालीची भाषा मराठी किंवा हिंदी ठेवली असेल, तर ॲप्टचे संदेशही भाषांतरित होऊन येऊ शकतात. वाचायला बरं वाटतं, पण कुणाची मदत घ्यायची तर मूळ इंग्रजी ओळच लागते. तेवढ्यापुरती कमांडच्या आधी एलसी_ऑल=सी ही खूण द्या, त्यातल्या एल, सी, ए, एल, एल आणि शेवटचा सी मोठ्या लिपीत:

एलसी_ऑल=सी ॲप्ट पॉलिसी लिबसी६

संदेश वाचा, सगळाच भांडणाचा नसतो

नवे लोक सगळ्या अडचणींना एकच नाव देतात: अपडेट बिघडलं. पण संदेश वेगळे असतात आणि उपायही वेगळे.

"कुड नॉट गेट लॉक" आणि पुढे डीपीकेजीच्या कुलुपाचा पत्ता. याचा अर्थ दुसरा कुणीतरी आत्ता पॅकेज बसवतोय, बहुधा उबंटूचं आपोआप चालणारं सुरक्षा-अपडेट. त्याच ओळीत त्या प्रक्रियेचा क्रमांक आणि नावही असतं. चहा करून या. पंधरा-वीस मिनिटांत कुलूप आपोआप सुटतं. कुलपाची फाइल डिलीट करा असा सल्ला नेटवर ठिकठिकाणी दिसेल. तो ऐकू नका. आत काम चालू असताना कुलूप तोडलं, तर दोघं एकाच वेळी नोंदवही लिहायला लागतात आणि नोंदवही बिघडली की मग खरं संकट.

"डीपीकेजी वॉज इंटरप्टेड". मागचं काम अर्धवट तुटलं. काकूंच्या लॅपटॉपवर पहिला संदेश हाच होता, कारण अपडेट चालू असताना त्यांनी झाकण मिटलं होतं आणि रात्रीत बॅटरी संपली. उपाय:

सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए

अर्धवट राहिलेली सगळी पॅकेजं तो एकेक करून पूर्ण लावतो. मध्ये एखादा प्रश्न विचारला, म्हणजे अमुक सेटिंगची फाइल जुनी ठेवू की नवी, तर स्वतः काही बदलल्याचं आठवत नसल्यास जुनी ठेवा. नुसतं एंटर दाबलं तरी जुनीच राहते. काकूंकडे हे सहा-सात मिनिटं चाललं.

"कीप्ट बॅक". ही तर चूकच नाही. उबंटू काही अपडेट सगळ्यांना एकदम देत नाही, आधी थोड्या यंत्रांवर सोडतो, तक्रार आली नाही की पुढच्यांना. २१.०४ पासून ॲप्टही हा क्रम पाळतो. तुमची पाळी आली नसेल, तर पॅकेज मागे ठेवलेलं दिसेल. चार दिवस थांबा. ते बळजबरीने ओढून आणण्यात काहीच मिळवायचं नसतं.

आणि शेवटी "अनमेट डिपेंडन्सीज". हे खरं भांडण.

भांडणाची ओळ कशी वाचायची

आधी दोन साध्या कमांड करून बघायच्या, या क्रमाने:

सुडो ॲप्ट अपडेट
सुडो ॲप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल

पहिल्या कमांडने भांडारातल्या याद्या ताज्या होतात. तिच्या उत्तरात एखाद्या पत्त्यापुढे एरर आली तर तो पत्ता कागदावर लिहून ठेवा, बहुधा तोच पुढे कामी येतो. दुसरी कमांड जे पॅकेज अर्धवट लटकलेलं आहे त्याची राहिलेली मागणी पूर्ण करायचा प्रयत्न करते. डेब फाइल डबल-क्लिक करून बसवताना अडलेल्यांचं काम अनेकदा इथेच होतं.

फक्त एक लक्षात ठेवा. दुसरी कमांड कधी कधी भांडण सोडवायला एखादं पॅकेज काढून टाकायचं सुचवते. वाय दाबण्याआधी यादी वाचा. याबद्दल पुढे सविस्तर लिहितो, कारण इथेच लोकांचे डेस्कटॉप उडतात.

एवढ्यानेही सुटलं नाही, तर ओळीकडे या. काकूंच्या लॅपटॉपवर, त्यावर मिंट २१ आहे, म्हणजे पाया उबंटू २२.०४ चा, मी कॅल्क बसवायला गेलो तेव्हा आलं ते असं:

लिब्रेऑफिस-कॅल्क : डिपेंड्स: लिब्रेऑफिस-कोअर (= १:७.३.७…) बट ४:२४.२… इज टू बी इन्स्टॉल्ड
ई: अनेबल टू करेक्ट प्रॉब्लेम्स, यू हॅव हेल्ड ब्रोकन पॅकेजेस.

पहिली ओळ सावकाश वाचा. कॅल्क म्हणतो, मला कोअर, म्हणजे लिब्रेऑफिसचा सामायिक गाभा, हवा, आणि बरोबर ७.३.७ हीच आवृत्ती हवी. बरोबरच्या चिन्हाचा अर्थ तोच. प्रत्यक्षात यंत्रावर कोअर आहे २४.२ चा. म्हणजे भांडणारे दोघे कोण ते कळलं, आणि मतभेद कशावरून तेही कळलं. आकड्याआधीचे १: आणि ४: बघून गोंधळू नका. त्याला इपॉक म्हणतात. आवृत्त्यांची तुलना करताना आधी तो अंक बघितला जातो, त्यामुळे ४ वाला कायम १ वाल्यापेक्षा नवा ठरतो, पुढे काहीही असलं तरी.

दुसरी ओळ नवख्यांना हमखास चुकीच्या वाटेने नेते. "हेल्ड" वाचून वाटतं आपण काहीतरी धरून ठेवलंय. खात्री करायला हरकत नाही:

ॲप्ट-मार्क शोहोल्ड

यात एखादं नाव आलं, तर कुणीतरी ते पॅकेज मुद्दाम रोखलं आहे. का रोखलं ते आठवून, गरज नसल्यास ॲप्ट-मार्क अनहोल्ड आणि ते नाव, अशी कमांड सुडोसह द्या. पण बहुतेक वेळा यादी रिकामी येते. काकूंकडेही रिकामीच होती. त्या वाक्याचा खरा अर्थ एवढाच की तुमच्या सगळ्या अटी पाळून मला मार्ग सापडला नाही. तेव्हा जी ओळ डिपेंड्स म्हणते तीच महत्त्वाची.

पाहुणा कोण ते शोधणं

माझ्या मते या सगळ्या प्रकारातली सगळ्यात उपयोगी कमांड ही आहे, आणि ती काहीही बदलत नाही, फक्त सांगते:

ॲप्ट पॉलिसी लिब्रेऑफिस-कोअर

उत्तरात बसवलेली आवृत्ती, बसू शकणारी आवृत्ती आणि खाली एक तक्ता येतो. तक्त्यात प्रत्येक आवृत्तीखाली ती कुठून मिळते तो पत्ता असतो. काकूंच्या तक्त्यात ७.३.७ खाली उबंटूच्या भांडाराचा पत्ता होता आणि त्याआधी ५००. वर तीन तारे लावलेली २४.२ होती, म्हणजे सध्या बसलेली, आणि तिच्याखाली १०० व व्हार-लिब-डीपीकेजी-स्टेटस हा एकच पत्ता (पडद्यावर या पत्त्यात आडव्या रेघांच्या जागी तिरक्या रेघा दिसतात).

ही खूण नीट ओळखायला शिका. स्टेटस म्हणजे आपल्याच यंत्राची नोंदवही. एखाद्या पॅकेजखाली तेवढाच पत्ता असेल, तर ते जिथून आलं ते दार आता बंद आहे. त्याचं पुढे अपडेट येणार नाही आणि त्याच्या जोडीची पॅकेजंही मिळणार नाहीत. अशी सगळी एकदम बघायची असतील तर:

ॲप्ट लिस्ट '~ओ'

लाटेसारखी खूण आणि लहान ओ, दोन्ही एकेरी अवतरणात. जी नावं येतात ती कुठल्याच चालू भांडारात नसलेली. कधी कधी यात जुनी निरुपद्रवी कर्नलंही (प्रणालीच्या गाभ्याच्या जुन्या आवृत्त्या) दिसतात, त्यांना घाबरायचं कारण नाही.

मग काकूंकडे झालं काय होतं? महिन्याभरापूर्वी त्यांनी लॅपटॉप एका दुरुस्तीवाल्याला दाखवला होता. त्याने रायटरची, म्हणजे लिब्रेऑफिसच्या मजकूर लिहिण्याच्या प्रोग्रामची, नवी आवृत्ती हवी म्हणून एक पीपीए जोडलं, रायटर आणि कोअर २४.२ वर नेले, त्यात कॅल्क निघून गेला, आणि जाताना त्याने पीपीएची ओळ पुसून टाकली. भिशी महिन्यातून एकदा, म्हणून काकूंनी कॅल्क उघडलाच नव्हता. हे मला कळलं ते व्हार, त्यात लॉग, त्यात ॲप्ट या फोल्डरमधल्या हिस्ट्री.लॉग फाइलवरून. कोणत्या तारखेला, कोणत्या कमांडने काय बसलं आणि काय निघालं, सगळं त्यात तारीखवार असतं. महिना उलटला की जुनी नोंद त्याच फोल्डरमध्ये आवळून ठेवलेली सापडते. कुणी "मी काहीच केलं नाही" म्हणत असेल, तर वाद घालू नका, ही फाइल उघडा.

पाहुण्याला निरोप

पीपीए अजून जोडलेलं असेल तर काम सोपं आहे. पीपीए-पर्ज नावाचं पॅकेज बसवा आणि त्याला त्या पीपीएचं नाव द्या. ते पीपीए बंद करतं आणि तिथून आलेली पॅकेजं भांडारातल्या मूळ आवृत्तीवर परत आणतं. नुसती ओळ पुसली तर दार बंद होतं, पण पाहुणा घरातच राहतो. दुरुस्तीवाल्याची चूक नेमकी ही होती.

ओळ आधीच गेली असेल तर मिंटवाल्यांना एक सोय आहे. सॉफ्टवेअर सोर्सेसमध्ये देखभालीच्या भागात परक्या पॅकेजची आवृत्ती खाली आणण्याचं आणि परकी पॅकेजं काढण्याचं बटण असतं. यादी वाचून टिक करा. टर्मिनलमधून करायचं तर मला स्वतःला काढून परत बसवणं जास्त स्वच्छ वाटतं. आधी नुसती रंगीत तालीम:

ॲप्ट -एस रिमूव्ह 'लिब्रेऑफिस*'

-एस दिलं की ॲप्ट फक्त काय होईल ते सांगतो, करत काही नाही. ही सवय लावून घ्या. यादीत लिब्रेऑफिसचीच नावं आहेत ना, डेस्कटॉपचं काही नाही ना, हे पाहून मग खरं:

सुडो ॲप्ट रिमूव्ह 'लिब्रेऑफिस*'
सुडो ॲप्ट ऑटोरिमूव्ह
सुडो ॲप्ट इन्स्टॉल लिब्रेऑफिस

मधल्या ऑटोरिमूव्हचं कारण सांगतो. लिब्रेऑफिसच्या घरातली काही पॅकेजं वेगळ्या नावाने राहतात, जसं यूआरई किंवा पायथॉन३-उनो. वरच्या तारेच्या खुणेत ती येत नाहीत, पण तीही २४.२ चीच असतात आणि तिसऱ्या कमांडला परत तेच भांडण उकरून काढतात. ऑटोरिमूव्ह कुणालाच न लागणारी पॅकेजं काढतो. इंदूरकरांना कचरा गाडीत टाकण्याआधी ओला-सुका वेगळा बघून घ्यायची सवय आहेच, तशीच ही यादीही बघून घ्या. तरी एखादं उरलंच, तर ॲप्ट लिस्ट '~ओ' परत चालवून नाव शोधा आणि त्यालाही काढा.

फायलींची काळजी काकूंना होती. "माझी भिशीची वही जाईल का रे?" नाही जात. पॅकेज काढल्याने होम फोल्डरमधलं काहीही जात नाही. तरी पेनड्राइव्हवर प्रत होतीच. पावणेबाराला कॅल्क उघडला, पंचवीस नावांची वही जशीच्या तशी. मराठी मेनू हवे असल्याने लिब्रेऑफिस-एल१०एन-एमआर हेही बसवून दिलं.

एकाच पॅकेजला खाली आणायचं असेल, तर नावापुढे बरोबरचं चिन्ह आणि पॉलिसीच्या तक्त्यातली नेमकी आवृत्ती लिहून इन्स्टॉल करता येतं. एक-दोन पॅकेजं असतील तर हा मार्ग ठीक. दहा असतील तर थकाल.

दोन नेहमीची प्रकरणं

पहिलं लिबसी६ चं. ओळ येते अशी: डिपेंड्स: लिबसी६ (>= २.३८) बट २.३५-०उबंटू३ इज टू बी इन्स्टॉल्ड. लिबसी६ म्हणजे जवळपास सगळ्या प्रोग्रामचा पाया. उबंटू २२.०४ वर तो २.३५ असतो, २४.०४ वर २.३९. याचा अर्थ तुम्ही उतरवलेली डेब फाइल तुमच्यापेक्षा नव्या उबंटूसाठी बांधलेली आहे. इथे काही जण २४.०४ च्या भांडाराची ओळ २२.०४ मध्ये जोडून नवा लिबसी६ ओढून आणतात. कृपा करून हे करू नका. अख्ख्या घराचा पाया बदलून वरच्या भिंती तशाच ठेवण्यासारखं ते आहे, आणि त्यानंतर सुडोसुद्धा चालेल याची खात्री नाही. त्या ॲपची २२.०४ साठीची फाइल शोधा, किंवा फ्लॅटपॅकमधून घ्या. फ्लॅटपॅक आपल्या लायब्ररी स्वतःबरोबर आणतं, म्हणून घरच्या पॅकेजशी त्याचं भांडणच होत नाही. डिस्कवर जागा जास्त जाते, ती जाऊ द्या. मिंटमध्ये फ्लॅटपॅक आधीपासून असतं.

जुनी सॉफ्टवेअर उलट दिशेने अडतात. ओळखीच्या एका दादांकडे डिजिटल सहीच्या टोकनचं एक जुनं सॉफ्टवेअर लिबएसएसएल१.१ ही ओपनएसएसएलची, म्हणजे सुरक्षित जोडणीच्या सॉफ्टवेअरची, जुनी लायब्ररी मागत होतं. उबंटूने २२.०४ पासून ओपनएसएसएल ३ घेतलं आणि १.१ भांडारातून गेलं. अशा वेळी जुनी लायब्ररी कुठूनतरी आणून बसवली की सॉफ्टवेअर चालतं, हे खरं आहे. पण तिला सुरक्षेचे अपडेट मिळत नाहीत, आणि ती सही बँकेच्या आणि कराच्या कामाची. मी त्या दादांना कंपनीकडून नवी आवृत्ती मागायला लावलं. आठवडा गेला, पण मिळाली.

दुसरं प्रकरण टी६४ चं. २४.०४ वर लिबअसाउंड२ बसवायला गेलात, तर ॲप्ट सांगतो की या नावाचं खरं पॅकेज नाही, लिबअसाउंड२टी६४ आणि आणखी एक ते पुरवतात, तुम्हीच निवडा. याचं मूळ २०३८ सालात आहे. जुन्या ३२-बिट पद्धतीत वेळ १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत मोजतात आणि तो आकडा २,१४,७४,८३,६४७ पर्यंतच जाऊ शकतो. आपल्या घड्याळाने १९ जानेवारी २०३८ ला सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी तो भरतो. ते टाळायला डेबियन आणि उबंटूने वेळेचा आकडा ६४-बिट केला, आणि ज्या लायब्ररींवर त्याचा परिणाम होतो त्यांच्या नावामागे टी६४ जोडलं. उबंटूमध्ये हे २४.०४ ला आलं, डेबियनमध्ये ऑगस्ट २०२५ च्या १३ व्या आवृत्तीत. म्हणून जुन्या सूचनेतलं नाव सापडलं नाही, तर त्यामागे टी६४ लावून बघा. वरच्या उदाहरणात दुसरं नाव लिबओएसएस४ पासून सुरू होतं. ते निवडू नका, आवाजाचे प्रोग्राम त्याच्यावर अडतात.

वाय दाबण्याआधी

ॲप्टच्या उत्तरात एक भाग असतो: "द फॉलोइंग पॅकेजेस विल बी रिमूव्ह्ड". बाकी काही वाचलं नाही तरी चालेल, हा भाग शब्दन्‌शब्द वाचा. त्यात सिनॅमन, नोम-शेल, उबंटू-डेस्कटॉप, मिंट-मेटा, झॉर्ग, नेटवर्क-मॅनेजर यांपैकी एकही नाव दिसलं तर एन दाबा. लगेच. २०२१ साली पॉप ओएस या उबंटूवर आधारलेल्या लिनक्सवर स्टीम हे गेमचं ॲप बसवताना एका प्रसिद्ध यूट्यूबरचा अख्खा डेस्कटॉप निघून गेला होता. ॲप्टने इशारा दिला होता, पूर्ण वाक्य टाइप करून होकारही मागितला होता, आणि तो दिला गेला. त्यानंतर ॲप्टने असा होकार देणं आणखी अवघड केलं.

माझ्या स्वतःच्या यंत्रावरही एकदा हे झालं आहे. घाईत वाय दाबलं, यंत्र परत चालू केलं आणि काळ्या पडद्यावर फक्त लॉगिन. नेट केबलने जोडलं, सुडो ॲप्ट इन्स्टॉल आणि डेस्कटॉपच्या मेटा-पॅकेजचं (डेस्कटॉपची बाकी सगळी पॅकेजं ओढून आणणाऱ्या पॅकेजचं) नाव दिलं, आणि सगळं परत आलं. तुमच्यावर वेळ आलीच तर मार्ग हाच. वाय-फाय त्या अवस्थेत मिळेलच असं नाही, म्हणून घरात एक लॅन केबल असू द्या. जेल रोडवर कुठेही मिळते.

अपग्रेड आणि फुल-अपग्रेड यांतला फरकही इथलाच. पहिली कमांड काहीही काढत नाही. दुसरी गरज पडली तर काढते. रोजच्या अपडेटला पहिली पुरे.

"ट्राइंग टू ओव्हरराइट" असा संदेश आला, तर दोन पॅकेजं एकाच फाइलवर हक्क सांगताहेत. दोघांची नावं त्याच ओळीत असतात. पॉलिसीने पाहुणा कोण ते बघा, त्याला काढा, मग फिक्स-ब्रोकन. जबरदस्तीने फाइल चिरडायचा पर्याय डीपीकेजीत आहे, पण पुढच्या अपडेटला तेच भांडण परत येतं.

ॲप्ट नसलेलं दुसरं लिनक्स, जसं फेडोरा, वापरत असाल तर तिथल्या डीएनएफची डिस्ट्रो-सिंक ही कमांड बसवलेल्या आवृत्त्या भांडाराशी जुळवते. आर्च या आणखी एका लिनक्सवर नुसती पॅकेजची यादी ताजी करून एकच पॅकेज बसवू नका, अपडेट नेहमी पूर्ण करा.

एवढं करूनही अडलं आणि कुणाला विचारायचं झालं, तर नुसतं "अपडेट होत नाही" असं सांगू नका, आणि पडद्याचा तिरका फोटोही नको. चार गोष्टी मजकूर म्हणून कॉपी करून द्या: प्रणालीचं नाव आणि आवृत्ती, अडलेल्या कमांडचं पहिल्या ओळीपासून पूर्ण उत्तर, भांडणाऱ्या दोन्ही पॅकेजचं ॲप्ट पॉलिसी, आणि हिस्ट्री.लॉगमधल्या शेवटच्या दोन-तीन नोंदी. रामबागेतल्या लोकांनी रविवारी सकाळी आणल्या तरी चालतील.